पट्टीची गोष्ट

मी तुमची सहयोगिनी बोलते आहे. आज बैठकीतली हप्त्याची वही जरा बाजूला ठेवू आणि एक गोष्ट ऐकू. गोष्ट मधमाशीची आहे, तिच्या अंगावरच्या एका बारीक किडीची आहे, आणि त्या किडीवर माणसानं काढलेल्या एका औषधाची आहे. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. तेव्हा वाटायचं, इतिहास म्हणजे राजे आणि लढाया. गटाचं काम करायला लागल्यावर कळलं, औषधाच्या बाटलीलाही इतिहास असतो आणि तो माहीत नसला की नुकसान आपलंच होतं.

झालं असं, की मागच्या वर्षी आमच्या भागात कांद्याच्या डोंगळ्यांना मधमाशी मिळेना. डोंगळ्यावर माशी बसली नाही तर बी भरत नाही. म्हणून एका शेतकऱ्यानं बाहेरून मधपेट्या भाड्यानं आणल्या. त्या बघून आमच्या गटातल्या बायकांनाही वाटलं, आपणही दहा पेट्या घ्याव्यात. मध मिळेल, मेण मिळेल, भाडंही मिळेल. कर्जाचा ठराव लिहायच्या आधी पेट्या बघून येऊ म्हणून आम्ही सहा-सात जणी गेलो. पेटीवाल्या दादांनी झाकण उघडून चौकटी दाखवल्या. दोन चौकटींच्या मध्ये लाकडाची एक पातळ पट्टी लटकत होती. "हे काय?" विचारलं तर म्हणाले, "माइटचं औषध. फवारणीचंच आणतो, त्यात पट्टी बुडवायची आणि सोडून द्यायची. तयार पट्टी महाग पडते. दरसाल हेच करतो."

परत येताना आमच्यातल्या एका काकूंनी विचारलं, "ताई, ती पट्टी मधात उतरत नसेल का गं?" मला उत्तर देता आलं नाही. 'विचारून सांगते' म्हणाले. त्या एका प्रश्नापायी मी जे वाचलं, ज्यांना विचारलं, त्यातून जे हाती आलं ते आज सांगते आहे.

आधी किडीची ओळख करून घेऊ. तिला व्हरोआ म्हणतात. ती कोळी कीड आहे, म्हणजे आपल्या गुरांच्या गोचिडाची लांबची बहीण. रंग लालसर तपकिरी, आकार चपटा, आणि माप साधारण राजगिऱ्याच्या दाण्याएवढं. दिसायला एवढीशी, पण माशीच्या शरीराच्या मानानं केवढी मोठी! आपल्या अंगावर एखादी ताटली चिकटून बसावी तशी ती माशीच्या अंगावर बसते. पूर्वी समज होता की ती माशीचं रक्त पिते. २०१९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की ती मुख्यतः माशीच्या शरीरातली चरबीची पेशी खाते. माशीची ताकद, रोगाशी झुंजण्याची शक्ती, सगळं त्या चरबीत साठलेलं असतं. शिवाय ही कीड एका माशीचा विषाणू दुसऱ्या माशीला देते. मग पंख चुरगळलेल्या माश्या जन्माला येतात. त्यांना उडता येत नाही आणि पेटी हळूहळू रिकामी होते.

तिची वाढ होते ती बंद घरात. मेणाच्या घरातली अळी मोठी झाली की कामकरी माश्या वरून झाकण घालतात. झाकण पडायच्या जरा आधी व्हरोआची मादी आत शिरते आणि तिथेच अंडी घालते. माशी बाहेर पडते तेव्हा तिच्याबरोबर आई आणि तिच्या लेकीही बाहेर पडतात. झाकणाच्या आत असताना बहुतेक वरवरची औषधं तिच्यापर्यंत पोचत नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता इतिहास. या किडीची पहिली शास्त्रीय नोंद १९०४ साली झाली. जावा बेटावर ती सापडली आणि औडेमान्स नावाच्या डच शास्त्रज्ञानं तिचं वर्णन केलं. व्हरोआ हे नाव ठेवलं ते व्हॅरो नावाच्या जुन्या रोमन पंडितावरून. त्यानं दोन हजार वर्षांपूर्वी शेतीवर आणि मधमाश्यांवर लिहिलं होतं. पण जावामध्ये ती कीड कुठल्या माशीवर होती? आशियातल्या देशी माशीवर. मैत्रिणींनो, ही आशियाची माशी म्हणजे आपली सातेरी. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या कपारीत, अंधारात एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधणारी. महाबळेश्वरच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या जिचा मध काढतात तीच.

सातेरी आणि ही कीड हजारो वर्षं एकत्र नांदल्या. सातेरीनं आपले उपाय शोधून काढले. ती स्वतःच्या आणि बहिणींच्या अंगावरची कीड ओळखते, पायांनी झाडते, जबड्यात धरून चावते. व्हरोआला तिच्या कामकरी माश्यांच्या घरात नीट वाढता येत नाही, ती वाढते फक्त नर माश्यांच्या घरात. आणि एखाद्या नराच्या घरात कीड फारच झाली, तर अशक्त झालेल्या नराला जाड झाकण फोडता येत नाही. तो आतच मरतो आणि कीडही त्याच्याबरोबर आतच गाडली जाते. घर वाचतं. म्हणून सातेरीला व्हरोआचा फारसा त्रास नाही.

मग बिघडलं कुठे? माणसानं पेट्या हलवल्या. युरोपातली माशी, जिला आपल्याकडे पेटीवाले मेलिफेरा म्हणतात, ती जास्त मध देते आणि पेटीत टिकून राहते. म्हणून एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतर लोकांनी ती जपानमध्ये, रशियाच्या अतिपूर्व भागात नेली. तिथे ती देशी माशीच्या शेजारी आली. विसाव्या शतकाच्या मध्याला ही कीड शेजारणीच्या घरून मेलिफेराच्या घरात शिरली. मेलिफेराला ही पाहुणी ठाऊकच नव्हती. झाडणं नाही, चावणं नाही, आणि कामकरी माश्यांच्या घरातही कीड मजेत वाढायला लागली. मेलिफेरावर चढलेली ही जात जावाच्या जातीहून वेगळी आहे, हे २००० साली ऑस्ट्रेलियाच्या अँडरसन आणि ट्रूमन या संशोधकांनी दाखवलं. तिचं नाव त्यांनी ठेवलं 'व्हरोआ डिस्ट्रक्टर', म्हणजे नाश करणारी.

पुढचा प्रवास रेल्वेनं, जहाजानं, ट्रकनं झाला. पेट्या आणि राण्या विकत घेतल्या-दिल्या जात होत्या, त्यांच्याबरोबर कीडही गेली. १९७० च्या दशकात ती युरोपात आणि दक्षिण अमेरिकेत पोचली. १९८७ साली अमेरिकेत सापडली, १९९२ साली इंग्लंडमध्ये, २००० साली न्यूझीलंडमध्ये. ऑस्ट्रेलियानं सर्वांत जास्त काळ दार बंद ठेवलं. तिथे ती जून २०२२ मध्ये न्यूकॅसल बंदराजवळ सापडली. हजारो पेट्या नष्ट केल्या, तरी सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारला मान्य करावं लागलं, की आता ती हटणार नाही.

औषध न दिलेली मेलिफेराची पेटी साधारण दोन-तीन वर्षांत मरते. तेव्हा विचार करा, १९८० च्या दशकात त्या पेटीवाल्यांची काय अवस्था झाली असेल. आपल्याकडे गोठ्यातली गुरं एकामागून एक बसायला लागली तर आपण काय करू? मिळेल ते औषध देऊ. त्यांनीही तेच केलं. तिथे आपली पट्टी गोष्टीत येते.

या औषधाचं नाव फ्लुव्हॅलिनेट. त्याची वंशावळ मात्र एका फुलापासून सुरू होते. शेवंतीच्या कुळातलं एक पांढरं फूल आहे, पायरेथ्रम. पूर्वी युरोपातल्या डाल्मेशियाच्या किनाऱ्यावर, पुढे जपान आणि केनियात त्याची शेती व्हायची. फुलं वाळवून भुकटी केली की त्यानं किडे मरायचे. पण उन्हात त्याची ताकद लगेच जायची आणि फुलं तरी किती पिकवणार? मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याची नक्कल करायला घेतली. १९४९ साली अमेरिकेत अॅलेथ्रिन तयार झालं. हे नाव डास घालवायच्या मॅटच्या पाकिटावर बारीक अक्षरात तुम्ही वाचलं असेल. पुढे इंग्लंडच्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात मायकेल इलियट आणि सहकाऱ्यांनी उन्हात टिकणारं परमेथ्रिन काढलं, ते १९७३ साली जगासमोर आलं. गुरांच्या गोचिडावर आपण जे डेल्टामेथ्रिन लावतो, तेही याच घराण्यातलं.

फ्लुव्हॅलिनेट जन्मलं कॅलिफोर्नियातल्या झोएकॉन नावाच्या कंपनीत, १९७० चं दशक संपता संपता. ही कंपनी काढणारे कार्ल जेरासी. १९५१ साली मेक्सिकोत ज्या संशोधनातून गर्भनिरोधक गोळीचा एक मुख्य घटक मिळाला, त्या कामाचे हेच प्रमुख. म्हणजे बायकांच्या आयुष्यावर मोठा परिणाम करणाऱ्या माणसाची कंपनी पुढे मधमाश्यांच्या पेटीतही पोचली. गंमत बघा, फ्लुव्हॅलिनेट बनवताना व्हॅलीन नावाचा एक साधा घटक वापरला जातो. हा घटक डाळीच्या, दुधाच्या प्रथिनांत असतो. नावातला 'व्हॅलि' तिथूनच आला.

मुळात हे पिकावरच्या किडींसाठीचं औषध होतं. पण त्यात एक विशेष गुण निघाला. या घराण्यातली बहुतेक औषधं मधमाशीला मारतात. फ्लुव्हॅलिनेट मात्र योग्य मात्रेत माशीला सोसतं. माशीच्या शरीरात काही पाचक द्रव्यं आहेत, ती या औषधाचे तुकडे करून टाकतात. व्हरोआला ते तेवढ्या वेगानं जमत नाही. किडीच्या मज्जातंतूंत बारीक दारं असतात, त्यांची उघडझाप झाली की निरोप पुढे जातो. हे औषध ती दारं उघडीच ठेवतं. कीड थरथरते, लुळी पडते, गळून पडते. किडीच्याच जातभाईवर, म्हणजे माशीवर बसलेली कीड मारायची आणि माशी ठेवायची, हे केवढं अवघड काम! ते या औषधानं केलं.

मग प्लास्टिकची पट्टी निघाली. औषध प्लास्टिकमध्येच मुरवलेलं. ती चौकटींच्या मध्ये लटकवायची. माश्या येता-जाता तिच्यावरून चालतात, पायाला औषध लागतं, एकमेकींना घासून ते सगळ्या पेटीत पसरतं. पट्टी सहा ते आठ आठवडे ठेवायची. का? मघाशी मी झाकणाच्या आतल्या किडीबद्दल बोलले ना, त्यासाठी. आज बंद असलेली घरं पुढच्या दोन-तीन आठवड्यांत उघडतात, कीड बाहेर येते आणि पट्टी तिची वाट बघत असते. मात्र मध भरायच्या दिवसांत पट्टी ठेवायची नाही आणि मुदत संपली की काढून टाकायची, असं पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं असे.

सुरुवातीला या पट्टीनं शंभरातल्या पंचाण्णवच्या वर किडी पडायच्या. धूर नको, आम्ल नको, मोजमाप नको. पट्टी लावा आणि विसरा. मरायला टेकलेला धंदा उभा राहिला. मैत्रिणींनो, या औषधानं हजारो घरांचं पोट वाचवलं हे खरं आहे आणि ते आपण मान्य केलं पाहिजे. गोष्ट बिघडली ती 'विसरा' या शब्दापाशी.

तयार पट्टी महाग. तेच औषध पिकाच्या फवारणीसाठी स्वस्तात मिळायचं. म्हणून इटली, फ्रान्स आणि इतर देशांतले काही पेटीवाले लाकडाचे तुकडे फवारणीच्या औषधात बुडवून पेटीत ठेवायला लागले. मात्रा किती, कोण मोजतंय? कधी जास्त, कधी कमी. तुकडा काढायचाही नाही, वर्षभर तिथेच. त्याची ताकद हळूहळू उतरत जायची. म्हणजे पेटीत कायम थोडंसं औषध. कीड मारायला अपुरं, पण किडीला सवय लावायला पुरेसं.

सवय म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. एकेक कीड औषध पचवायला शिकत नाही. हजारो किडींत एखादी जन्मतःच वेगळी असते. त्या मज्जातंतूच्या दाराच्या घडणीत एका ठिकाणी बारीकसा बदल असतो आणि औषध तिथे चिकटतच नाही. संशोधकांनी ती नेमकी जागा पुढे शोधूनही काढली. औषधानं बाकीच्या मेल्या, ही उरली. हिच्या लेकी उरल्या. दरसाल तेच औषध, म्हणजे दरसाल तीच निवड. निवडक बियाणं आपण कसं करतो? चांगली कणसं बाजूला ठेवतो आणि पुढच्या वर्षी तीच पेरतो. पेटीवाल्यांनी नकळत किडीचं निवडक बियाणं तयार केलं.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीतून तक्रारी यायला लागल्या, की पट्टी लावूनही पेट्या मरताहेत. उदिने विद्यापीठातले नोर्बेर्तो मिलानी यांनी किडी प्रयोगशाळेत आणून औषधाच्या वेगवेगळ्या मात्रांवर ठेवल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध केलं, की या किडी आता या औषधाला दाद देत नाहीत. त्याच दशकाच्या शेवटी अमेरिकेतही तेच दिसलं. २००१ साली इंग्लंडच्या नैऋत्य भागात दिसलं. म्हणजे अमेरिकेत कीड आल्यापासून जेमतेम दहा-बारा वर्षांत सर्वांत सोपं औषध तिथे हातचं जायला लागलं. आपल्या गोचिडाचंही असंच झालं नाही का? पूर्वी एका धुण्यात गोचीड गळायचे, आता तेच औषध दोनदा लावलं तरी हलत नाहीत, असं तुमच्यातल्या कितीतरी जणी सांगतात. घराणं तेच आणि चूकही तीच.

मग अमेरिकेत १९९९ साली दुसऱ्या औषधाला तातडीची परवानगी मिळाली, कौमाफॉस. ते वेगळ्या आणि जास्त जहाल कुळातलं. काही वर्षांत कीड त्यालाही सरावली. ते औषध साठलेल्या मेणात राण्या नीट वाढत नाहीत, हेही लक्षात आलं. त्यानंतर अमित्राझवर भर आला. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मोठ्या पेटीवाल्यांच्या पेट्या फार मोठ्या प्रमाणात मेल्या. तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांनी तपासलं, तेव्हा माश्यांत विषाणू सापडले आणि किडींत अमित्राझला दाद न देण्याची खूण सापडली. तीन औषधं झाली, पण वाट एकच राहिली.

आता काकूंच्या प्रश्नाकडे येते. पट्टी मधात उतरते का? फ्लुव्हॅलिनेट पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात आणि मेणात विरघळतं. मध म्हणजे साखर आणि पाणी. त्यामुळे पट्टी नियमानं वापरली तर मधात त्याचा अंश फारच थोडा येतो. पण ते जातं मेणात, आणि तिथे ठाण मांडतं. मेण वितळवून गाळलं तरी निघत नाही. त्याच मेणाचे पत्रे पाडून पुन्हा पेटीत लावले, की जुनं औषध नव्या घरात. त्यात नवी पट्टी, म्हणजे आणखी भर. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी उत्तर अमेरिकेतल्या पेट्यांमधलं मेण तपासलं. शंभरातल्या जवळजवळ अठ्ठ्याण्णव नमुन्यांत फ्लुव्हॅलिनेट आणि कौमाफॉस सापडलं. ज्या मेणाच्या घरात अळी जन्मते, राणी वाढते, ते घरच औषधानं भरलेलं. जास्त मात्रेत वाढलेल्या राण्या वजनाला कमी भरतात, नर कमी जगतात, असं वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलं आहे.

म्हणजे काकूंनी विचारला मधाचा प्रश्न, आणि उत्तर निघालं मेणात. आणि मैत्रिणींनो, मेण कोण वापरतं? आपण. पायाच्या भेगांचं मलम, ओठांचा बाम, मेणबत्त्या, हेच तर आपले गट बनवून विकतात. फवारणीच्या औषधात बुडवलेली पट्टी ज्या पेटीत बारा महिने आहे, तिथलं मेण मी तरी माझ्या गटाला मलमासाठी घेऊ देणार नाही.

आपल्या देशात काय झालं तेही थोडक्यात सांगते. मेलिफेरा भारतात नीट रुजली ती १९६० च्या दशकात, हिमाचलच्या नगरोटा बगवांमध्ये. त्याच दशकात, १९६२ साली, पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था सुरू झाली. मेलिफेराच्या पेट्या उत्तरेत पसरल्या, तेव्हा आधी तिला त्रास दिला तो आपल्या आग्या माशीवरच्या एका दुसऱ्या कोळी किडीनं. त्यावर गंधकाची भुकटी वापरत. मग २००४ च्या सुमारास उत्तर भारतात व्हरोआचा मोठा फटका बसला आणि पट्ट्या, आम्लं, सगळं आलं. आज आपल्या शिवारात डोंगळ्याला, डाळिंबाला, सूर्यफुलाला ज्या पेट्या येतात त्या बहुतेक मेलिफेराच्या. म्हणून ही गोष्ट लांबच्या देशाची वाटली तरी आपल्या बांधावर येऊन पोचली आहे.

'मग सातेरीच पाळू' असं कुणी म्हणेल. तेही डोळे झाकून करू नका. व्हरोआची भीती तिला फारशी नाही हे खरं. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, ते सातेरीच्याच जिवावर. पण ती मध कमी देते, त्रास झाला तर पेटी सोडून उडून जाते. १९९० च्या दशकात दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूनं सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या. प्रत्येक माशीचं दुखणं वेगळं असतं. जंगलाजवळच्या गावाला सातेरी शोभते, मोठ्या शिवाराला मेलिफेरा. कुठली घ्यायची ते गावाच्या झाडोऱ्याकडे बघून ठरवा.

आमच्या गटानं पुढच्या बैठकीत काय ठरवलं ते सांगते आणि थांबते. पेट्या घ्यायच्या, पण दहा नाही, आधी तीन. शिकून मग घ्यायच्या. आणि ठरावाच्या वहीत आम्ही चार ओळी लिहिल्या.

पहिली ओळ, मोजल्याशिवाय औषध नाही. मोजायला आपलं स्वयंपाकघर पुरतं. अर्धा कप माश्या, म्हणजे साधारण तीनशे, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्यायच्या. राणी त्यात नाही ना, हे आधी बघायचं. दोन चमचे पिठीसाखर टाकायची, बरणी हलक्या हातानं फिरवायची, एक-दोन मिनिटं थांबायचं आणि पांढऱ्या ताटात चाळायची. साखरेबरोबर कीड खाली पडते. ताटात थोडं पाणी टाकलं की साखर विरघळते आणि किडी मोजता येतात. माश्या पेटीत परत सोडायच्या, बहिणी त्यांना चाटून स्वच्छ करतात. तीनशे माश्यांमागे नऊच्या आसपास किडी निघाल्या तर उपाय करायची वेळ आली.

दुसरी ओळ, औषधाआधी हाताचं काम. व्हरोआला नर माश्यांची घरं जास्त आवडतात. ती झाकणबंद झाली की तेवढा तुकडा कापून काढायचा. कीडही त्याच्याबरोबर जाते.

तिसरी ओळ, औषध द्यायचंच झालं तर जाणकाराला विचारून, मधपेटीसाठीच बनवलेलं, पूर्ण मात्रेत, पूर्ण दिवस आणि मुदत संपली की बाहेर. दरसाल तेच नाही, कुळ बदलायचं. फवारणीच्या औषधाला पेटीत जागा नाही.

चौथी ओळ, मेणाची वही. कुठल्या पेटीत कधी काय टाकलं ते लिहायचं, जुनी काळी पडलेली पोळी दरसाल थोडी थोडी काढून टाकायची, आणि ते मेण मलमात घालायचं नाही.

ही चौथी ओळ त्या काकूंनीच सांगितली. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून वही त्यांची नात लिहिते आणि काकू बोलतात. पेटीवाल्या दादांनाही आम्ही हे सगळं सांगितलं. आधी हसले. मग म्हणाले, "मागच्या दोन सालांपासून पट्टी टाकूनपण माश्या मरतायत खऱ्या." पुढच्या वेळी ते बरणी आणि पिठीसाखर घेऊन मोजायला बसले तेव्हा आम्ही पण शेजारी बसलो होतो.

तुमच्या गावात पेट्या येत असतील तर झाकण उघडून बघा आणि विचारा. आपण नुसतं विचारलं, तरी समोरच्याला विचार करावा लागतो. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.